पिशवीतले गणपती

आमच्या घरात तीनशेच्या वर गणपती आहेत आणि त्यांतल्या एकाचंही विसर्जन होत नाही. सगळे लग्नपत्रिकांवरचे. नसरापूर हे भोर आणि वेल्हे दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या वाटेवरचं गाव. चेलाडी फाट्यावरून आत वळलेला माणूस कशालाही आलेला असो, जाताजाता आमच्या ओट्यावर एक पत्रिका ठेवून जातो. लग्नसराई संपली की सासूबाई कात्री घेऊन बसतात. 'प्रमुख उपस्थिती'तले आजी-माजी पुढारी रद्दीत जातात, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पिल्लावळ जाते, खुद्द नवरानवरीही जातात. गणपती तेवढा कापून पिशवीत. रद्दीत घालवत नाही, देव्हाऱ्यात मावत नाही आणि शिवगंगेत सोडावा तर त्याला वरून प्लास्टिकचा मुलामा. म्हणून पिशवी खुंटीला. ही तिसरी खुंटी. आधीच्या दोन वाकल्या.

मागच्या मे महिन्यात माझी पुण्याची भाची आली आणि तिने ती पिशवी पाहिली. "मावशी, हा तर खजिना आहे!" असं ती ओरडली. आमच्याकडे खजिना म्हटलं की लोक तोरण्याकडे बघतात, कारण शिवाजी महाराजांना धन सापडलं ते तिथे. ही खुंटीकडे बघत होती.

मग असे तुकडे जिथे कामी येतात त्या चित्रांच्या पत्त्यांचं तिने मला सांगितलं. हातभर कागदावर चित्र काढायचं नाही, अडीच बाय साडेतीन इंचांच्या पत्त्यावर काढायचं. म्हणजे खेळायच्या पत्त्याएवढ्या तुकड्यावर. रंगवा, चिकटवा, शिवा, टिकल्या लावा, काय हवं ते करा. मागच्या बाजूला आपलं नाव आणि तारीख घाला, आणि मग दुसऱ्या कुणाच्या पत्त्याशी बदला. वेंची स्टिर्नेमान नावाच्या एका स्विस कलाकाराने हे सुरू केलं. त्याने असे १,२०० पत्ते हाताने बनवले, १९९७ साली झुरिकला त्यांचं प्रदर्शन मांडलं आणि बघायला आलेल्यांना सांगितलं, तुम्हीपण करून आणा, आपण बदलू. नियम एकच. विकायचं नाही, फक्त बदलायचं.

"म्हणजे बोहारीण," सासूबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या.

"नाही हो आजी, ही आर्ट आहे."

"असू दे. पातेलं देते का?"

"पातेलं नाही मिळत. दुसऱ्याचा पत्ता मिळतो."

"मग बोहारीण बरी," म्हणून सासूबाईंनी विषय आणि कांदा दोन्ही संपवले.

इथे सांगायला हवं की अदलाबदलीच्या धंद्यात आमच्या सासूबाईंचा शब्द पंचक्रोशीत चालतो. एका विटक्या नऊवारीवर त्यांनी झाकणासकट कढई काढलेली आहे. बोहारीण टोपली उचलून चार पावलं जाते, या हाक मारत नाहीत. ती पाचव्या पावलाला आपणहून वळते. हे पाचवं पाऊल ओळखणं ही विद्या आहे, आणि ती मला आली नाही म्हणून मी मॉलमध्ये जाते, असं त्यांचं मत आहे.

भाची गेली, पण मला किडा चावून गेली. पत्त्याएवढा पुठ्ठा मोजून कापण्यापेक्षा सरळ पत्तेच का घेऊ नयेत, असा विचार करून मी बाजारपेठेत गेले आणि दुकानदाराला म्हटलं, "पत्त्यांचा एक कॅट द्या." त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं. "पाहुणे आलेत वाटतं, वहिनी?" मी खरं सांगायला गेले, की खेळायला नको, फेविकॉल लावून चिकटवायला हवेत. हे त्याला पहिल्याहून संशयास्पद वाटलं. आठ दिवसांनी दुसरा कॅट आणायला गेले तेव्हा त्याने न विचारता तो कागदात गुंडाळून दिला, आणि संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती की कंडक्टरसाहेब रिटायर झाल्यापासून त्यांच्या घरी तीन पत्तीचा डाव बसतो, आणि त्यात बाईमाणूसही आहे.

हो, आमचे हे एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर त्यांनी तिकीट दिलं आणि पैसे घेतले. वस्तू देऊन वस्तू घेतात हे त्यांना पटेना. "एका मोठ्या कार्डावर दोन छोटी मिळतात का? सुट्टे करून देतात का?" एवढं विचारून ते गप्प बसले. मग मात्र त्यांनी वही घातली. फेविकॉल, दोन कॅट, टिकल्यांची पाकिटं, घरात पडून असलेला भिंतीचा प्रायमर (त्याचीही किंमत धरून), एकूण भागिले पत्ते. एका पत्त्यामागे चार रुपये दहा पैसे. मी म्हटलं, दहा पैसे आता चालत तरी नाहीत. तर म्हणाले, इथे जवळ बाणेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं, त्याचा खर्च ११,४२६ रुपये ८ आणे ६ पैसे असा सांगतात. सहा पैसे! पेशव्यांनी देवाच्या कामात सहा पैसे सोडले नाहीत, मी तुझे दहा का सोडू?

बाणेश्वराचं नाव निघालंच आहे तर त्या घंटेचंही सांगते, कारण पहिला पत्ता मी तिच्यावर केला. देवळातल्या मोठ्या घंटेवर क्रूस आहे आणि साल आहे १६८३. पोर्तुगिजांची घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा अशा घंटा तिकडून आल्या आणि आमच्याकडच्या देवळांत बसल्या. भाचीला मी फोनवर म्हटलं, ही बघ, झुरिकच्या आधीची अदलाबदल. ती म्हणाली, मावशी, अदलाबदलीत समोरच्यालाही काहीतरी मिळायला लागतं. बरोबर आहे. सासूबाईंना विचारलं असतं तर त्यांनी वसईवाल्यांना निदान एक परात दिली असती.

साहित्य घरातच होतं. वेल्ह्याकडच्या डोंगरांसाठी मी सासूबाईंच्या हिरव्या साडीचा काठ कापला, आतल्या बाजूने, म्हणजे कळणार नाही अशा बेताने. तोरण्याच्या दोन्ही माच्या, बुधला आणि झुंजार, जरीत काढल्या. भाताचा तूस फेविकॉलवर भुरभुरला की सुगीनंतरचं खाचर होतं. एसटीची जुनी रंगीत तिकिटं यांनी पुस्तकांत खुणेला घातलेली होती, तीही लावली. (हल्लीची मशीनची तिकिटं कुणी लावू नयेत. दोन महिन्यांत कोरी होतात. माझा 'स्वारगेट ते नसरापूर' हा पत्ता आता फक्त 'ते' एवढाच उरला आहे.) नक्षीची भोकं पाडायचं यंत्र पुण्यात चांगलंच महाग मिळतं, म्हणून मी यांना विचारलं, तुमचा तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा कुठे आहे? ते ताठ झाले. "तो महामंडळाचा. जमा केला. पावती आहे." आणि खरोखरच फाइलमधून पावती काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. टेबलावर त्या वेळी फेविकॉल सांडलेला होता. पुढचं पुढे सांगते.

आषाढ लागला. ज्याने आमच्याकडचा पाऊस पाहिला नाही त्याला वाटतं फेविकॉल वाळतो. तो वाळत नाही, विचार करत बसतो. पत्ते पापडासारखे वर वळायला लागले. त्यांच्यावर पाटा ठेवला, वरवंटा ठेवला, मसाल्याचा डबा ठेवला. वरवंटा घरंगळून एक 'रायगड' सपाट झाला. शेवटी जाड, जड आणि कोरडं असं घरात एकच काही होतं. सासूबाईंचं शिवलीलामृत. मी पानापानांत एकेक पत्ता घातला आणि बघता बघता ते पत्ते इस्त्री केल्यासारखे झाले. मी खूश. फक्त आषाढानंतर श्रावण येतो हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

श्रावणी सोमवारी सासूबाई सोवळ्यात बसल्या, अकरावा अध्याय काढला आणि त्यातून बदामाची राणी त्यांच्या मांडीवर पडली. अजून तिच्यावर प्रायमर चढलेला नव्हता. पुढच्या पानात चौकट गुलाम. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी दोघांना चिमटीत धरून अंगणात नेऊन ठेवलं, परत आंघोळ केली, अध्याय पुरा केला आणि नंतर जेवायच्या वेळी, मीठ वाढताना, यांना म्हणाल्या, "गावात म्हणत होते ते खरं होतं तर."

त्यात गणपतीचा प्रश्न निघाला. पिशवीतले गणपती मी पत्त्यांवर लावते आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "जुगाराच्या पानावर देव?" मी तयारच होते. यांच्या पासवर आम्ही सावंतवाडीला गेलो होतो, तिथल्या राजवाड्यात मी गंजिफा पाहिल्या आहेत. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेची चमक. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी ही कला मरता मरता वाचवली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२०. आई, तिथे मत्स्य आहे, वराह आहे, राम आहे, कृष्ण आहे, आणि सगळे हातात धरून खेळायचे! पुठ्ठ्याला लावायची खळसुद्धा चिंचोक्याची, म्हणजे तुमच्या पद्धतीची.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ते राजे आहेत," त्या म्हणाल्या. "आपण चेलाडी फाट्याचे."

पण चिंचोक्याची खळ त्यांना लागू पडली असावी. दुसऱ्या दिवशी माझ्या फेविकॉलच्या डब्याशेजारी एका वाटीत खळ शिजवून ठेवलेली होती. "ते पांढरं काही धरत नाही पावसात," एवढंच बोलल्या.

गणपती झाल्यावर कोथरूडला भाचीच्या मैत्रिणीकडे अदलाबदलीचा कार्यक्रम होता. मी बारा पत्ते घेऊन गेले. खरं सांगायचं तर त्यांतले आठ मला नकोसे झालेले होते. द्यायचेच आहेत तर बिघडलेले द्यावेत, असा साधा प्रपंची हिशेब. तिथे पोचले तर सगळ्यांनी तोच हिशेब केलेला दिसला, फक्त त्यांचे बिघडलेलेही माझ्या चांगल्यांहून चांगले होते. जपानी टेप, परदेशी शिक्के, मेणाचे ठसे. एकीने माझा पत्ता हातात घेऊन बोट फिरवलं. "काय सुंदर पोत आलाय! कुठला गेसो, म्हणजे प्रायमर, वापरता?" मी म्हटलं, "बाहेरच्या भिंतीचा." तिने ते वहीत लिहून घेतलं. दुसरीला माझा तोरणा आवडला. "उंट किती गोड आहे," ती म्हणाली. मी उंट म्हणूनच दिला. पत्ता तिचा, आता डोंगराने बसायचं का उठायचं ते तिने ठरवावं.

आणि एका मुलीने माझ्या चळतीतून नेमकी ती पावती ओढली. पत्त्यावर बाकी काही नव्हतंच, सांडलेल्या फेविकॉलात चिकटलेली महामंडळाची पावती आणि कोपऱ्यात मी हळहळून लावलेली एक टिकली. "ओरिजिनल आहे?" तिचे डोळे चमकले. तिने तिच्याकडचा सर्वांत देखणा पत्ता पुढे केला, वर निळ्या रेशमाने भरलेला मोर. मी पाचवं पाऊलसुद्धा मोजलं नाही. लगेच दिली.

परत येताना एसटीत नऊ कप्प्यांच्या प्लास्टिकच्या पानात नऊ पत्ते लावून बघत होते. (बाराचे नऊ कसे झाले? तीन कुणीच घेतले नाहीत.) आठव्या कप्प्यात बघते तर लग्नपत्रिकेवरचा गणपती. मी दिलेला नव्हे, दुसरीने केलेला. तिच्याकडेही खुंटीला पिशवी आहे हे मला तेव्हा कळलं. म्हणजे एक गणपती पुण्याला पोचवून मी दुसरा घरी आणत होते.

घरी दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी यांनी पेन्शनच्या कामाला फाइल उघडली.

"पावती कुठाय?"

"कोथरूडला."

ते खुर्चीत बसले. तेव्हापासून फोन वाजला की ते आधी नंबर बघतात. महामंडळाने चिमटा मागितला तर सांगायचं काय, याची तालीम ते रोज आरशासमोर करतात. मोर मी त्यांना दाखवला. ते म्हणाले, "याच्यावर महामंडळाची सही नाही, शिक्का नाही."

दसरा झाल्यावर बोहारीण आली. मी बाणेश्वराला गेले होते. परत आले तर ओट्यावर ती हिरवी साडी उलगडून पडलेली, काठ नसलेली बाजू वर. माझ्या पोटात गोळा आला. पण सासूबाई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या, आणि गाळणी नवी होती.

"काठ कुठं गेला विचारत होती," त्या मागे न बघता म्हणाल्या. "साडीला हात लावीना. मग तुझं ते प्लास्टिकचं पान दाखवलं तिला."

मी पानाकडे धावले. सहा कप्पे रिकामे. मोर गेला होता. गणपतीही गेला होता.

"आई, ते पत्ते..."

"विकले का मी? बदलले. नियम तूच सांगितलास ना त्या झुरिकवाल्याचा?" त्यांनी कप माझ्यासमोर सरकवला. "गणपती आधी उचलला तिने. कपाळाला लावून टोपलीत वरती ठेवला. आणखी आहेत का म्हणाली. पुढच्या खेपेला पाच लिटरचा स्टीलचा डबा आणतेय."

मग त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, माझ्यापुढे ठेवली, वर कात्री ठेवली.

"वीसवर बोलणं झालंय. तू बावीस कर. दोन घासाघिशीला लागतील."