मावेजा आला की देतो

नांदेड-लातूरच्या कोर्टात वकिली करायची तर कायद्याइतकंच पीकपाणीही कळावं लागतं. लातूरकडच्या पक्षकाराला फी विचारा. ‘सोयाबीन आडतीवर घातलं की देतो.’ सोयाबीन जातं, तेव्हा भाव पडलेला असतो. मग ‘तूर येऊ द्या.’ तूर येते, तोवर पोरीचं लग्न निघतं. अर्धापूरचा पक्षकार केळीवर वायदा करतो. वादळवाऱ्यात केळी आडवी होते. उभी राहते ती फक्त आमची बाकी.

सगळ्यात मोठा वायदा मावेजाचा. तलावात जमीन गेलेली, सरकारनं भाव कमी लावलेला, म्हणून वाढीव मावेजासाठी कोर्ट. इथं पक्षकार एकदम उदार होतो. ‘साहेब, येईल त्यातले चार आणे तुमचे!’ आता निकालावर फी ठरवायला आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. हे सांगितलं की त्याचा चेहरा खुलतो. ‘मग राहू द्या साहेब, कायदा मोडायचा नाही.’ कायद्याबद्दल इतका आदर मी न्यायमूर्तींच्या तोंडूनही ऐकलेला नाही.

मग त्याचे कागद तरी अडवून धरावेत? तीही सोय नाही. फी थकली म्हणून वकिलाला फाईल अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सांगून टाकलं. सक्सेना स्वतः वकील. फी राहिली बाजूला, उलट समज पदरात पडली.

फीसाठी दावा लावता येतो. तो हक्क १९२६ च्या कायद्यानं दिलाय. मुदत तीन वर्षं. मात्र त्या मुदतीत देणेकऱ्यानं बाकी लेखी कबूल केली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणून आमचा पक्षकार तुळजाभवानीची शपथ घेईल, पण चार ओळींची चिठ्ठी देणार नाही. ही अक्कल त्याला सावकाराच्या दाव्यात मीच शिकवलेली.

अब्राहम लिंकनवरही ही पाळी आली होती. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा कराचा खटला त्यानं जिंकून दिला आणि कंपनीनं त्याचं दोन हजार डॉलरचं बिल नाकारलं. पठ्ठ्यानं पाच हजारांचा दावा ठोकला आणि १८५७ मध्ये जिंकला. पण त्याचं बरं होतं. रेल्वे कंपनी कधी ‘साहेब, पोरंबाळं घेऊन हुरड्याला या’ म्हणत नाही. ज्याच्या शेतात हुरडा खाल्ला, त्याच्यावर दावा कसा लावणार?

तरीही मी एकाला नोटीस धाडली. आठवड्याभरात गडी हजर. एका हातात तूरडाळीची पिशवी, दुसऱ्या हातात माझीच नोटीस, पाकिटावर हळदीची बोटं उमटलेली.

‘साहेब, ही नोटीस आलीय. उत्तर द्यायचंय.’

‘अहो, ती मीच पाठवलीय!’

‘म्हणूनच तर आलो की. आपलं सगळं काम तुमच्याकडंच असतंय. दुसऱ्या वकिलाकडं गेलो असतो तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?’

उत्तराची फी किती देणार, विचारलं.

‘मागच्यातच धरा ना, साहेब.’

डाळ मात्र चांगली निघाली. एका शिट्टीत शिजायची.

नव्यानं सनद घेतलेल्या पोरांना म्हणून एकच सांगणं. वकीलपत्रावर सही घेतानाच फी ठरवा, कागदावर आणा आणि निम्मी त्याच दिवशी घ्या. निकालानंतर मागायला जाऊ नका. हरलेला पक्षकार वकिलामुळं हरलेला असतो आणि जिंकलेला आपल्या खऱ्या बाजूमुळं. फी द्यावी असं काम वकिलानं केलंय, हे दोघांपैकी एकालाही पटत नाही.