उकिरड्यावर ब्लीच

फ्रान्समधल्या काही सुपरमार्केटांना गरिबांच्या पोटाची केवढी काळजी! तारीख उलटत आलेलं दही, पाव, सॅलड कचराकुंडीत टाकलं की वरून ब्लीच ओतायचे. का, तर कुणी उचलून खाल्लं आणि पोट बिघडलं तर? उपाशी माणसाला निदान अजीर्ण तरी होत नाही! शेवटी २०१६ साली कायदाच आला: ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांनी खाण्याजोगा माल नासवायचा नाही, धर्मादाय संस्थांशी करार करायचा, मुद्दाम नासवला तर ३,७५० युरो दंड. आता आज संपणारं दही आजच वाटायची धावपळ संस्थांची, आणि दान केलेल्या मालावर ६० टक्क्यांपर्यंत करसवलत दुकानदाराची. ब्लीचवर बिचाऱ्याला एवढी सवलत कधी मिळाली नव्हती.