अनामिकेची जमाबंदी

पुरुषाच्या प्रेमाचे मोजमाप त्याच्या दरमहा पगारावरून करावे, हा दंडक कोणा स्मृतिकाराने घालून दिलेला नाही. डी बीअर्स या हिरेव्यापारातील मक्तेदाराने १९३८ साली नेमलेल्या एन. डब्ल्यू. एअर या अमेरिकन जाहिरातसंस्थेच्या दप्तरी त्याचे मूळ सापडते. १९८० च्या दशकात अमेरिकन तरुणास वाङ्‌निश्चयाच्या अंगठीपोटी दोन महिन्यांचे वेतन अर्पण करण्याचे फर्मान निघाले, आणि जपानी तरुणावर मात्र तीन महिन्यांचा सारा बसविण्यात आला. जपानी हृदय दीडपट प्रेमळ असते हा शोध कोणत्या शरीरशास्त्रज्ञाचा, याचा खुलासा केलेला आढळत नाही. या आकारणीची खुबी अशी की, तीत कारकून आणि कारखानदार आपापल्या ऐपतीनुसार सारखेच नागवले जातात, आणि कारकुनाला तर आपण कारखानदाराच्या पंगतीस बसलो असेच वाटते.

स्त्रीकडे काम एवढेच, की तिने चकित व्हावे, डोळे पाणावू द्यावेत आणि डावा हात पुढे करावा. (हिऱ्याला चिरंतनत्व बहाल करणारे घोषवाक्य १९४७ साली लिहिणाऱ्या फ्रान्सिस गेरेटीबाई स्वतः आजन्म अविवाहित राहिल्या.) पुढे स्त्रिया स्वतःच पगार आणू लागल्या, तेव्हा २००३ च्या सुमारास याच व्यापाऱ्यांना त्यांच्या उजव्या हाताचे स्मरण झाले: डावा हात संसाराचा, उजवा स्वातंत्र्याचा, आणि अंगठी दोहोंकडे. पायांच्या बोटांवर अद्याप आकारणी झालेली नाही. आमच्याकडे जोडवी रुप्याचीच घालतात, ही खबर त्यांच्या कचेरीत कोणी पोचवू नये.