मिसळीचा खर्च खात्यावर

सोशल मीडिया सांभाळणं हा प्रतिष्ठित व्यवसाय आहे, हे मी सदाशिव पेठेत बऱ्याच जणांना पटवलं. राहिलं फक्त आयकर खातं. कलम ४४एडीए पाहा: डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, अगदी इंटिरिअर डेकोरेटरसुद्धा. निम्मी जमा उत्पन्न धरा, निम्मी खर्च समजा, वह्या नकोत. त्या पंगतीत माझं पान नाही. वर २०२५ साली रिटर्नच्या फॉर्मात इन्फ्लुएन्सरना स्वतंत्र कोड मिळाला, १६०२१. म्हणजे जिची वाक्यं मी लिहिते तिला कोड, आणि मी ‘इतर’!

‘‘सरळ खर्च दाखव, बिलं आण,’’ सीएकाका म्हणाले. लॅपटॉपचा घसारा ४० टक्के, इंटरनेट, ॲपची वर्गणी, सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलं ते मिसळीच्या बिलापाशी. १९६१च्या कायद्याचं कलम ३७ म्हणतं, खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठीच हवा. रीलसाठी मिसळ मागवली, हा धंदा. वाफ दिसावी म्हणून रस्सा पुन्हा पुन्हा तापवला, तोवर फरसाणाचा लगदा झाला, हाही धंदाच. पण शूटिंगनंतर ती मी खाल्ली. लगदा खाणं हा खासगी उपभोग कसा? मी तर म्हणते, नुकसानभरपाई मागायला हवी. काकांनी चष्मा वर केला. ‘‘जादा पाव रीलमध्ये दिसतोय का?’’ नव्हता. पाव कापला गेला.

रीलमध्ये रस्सा ओतणारा हात आईचा. काका म्हणाले, ‘‘तिला मानधन दे, खर्चात धरू. पण वाजवीच हं, नातेवाइकांना जास्त दिलं तर जास्तीचं नाकारतात.’’ आईच्या हाताचा वाजवी दर मी कुणाला विचारू? तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘‘पैसे राहू देत. खाली माझं नाव टाक.’’ मी कोडसाठी रुसले होते. ही इतकी वर्षं बिनकोडाची राबतेय. क्लायंटनं नाव काढायला लावलं. ब्रँडच्या पानावर आई शोभत नाही म्हणे.

दुसऱ्या एका क्लायंटनं माझ्या फीमधून १० टक्के टीडीएस कापला, पण माझ्या खात्याकडच्या करनोंदीत, म्हणजे २६एएसमध्ये, त्याचा पत्ता नाही. विचारलं की हात जोडलेला इमोजी येतो. तेव्हा क्लायंटहो, लाइक नको, शेअर नको. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरा, मार्चचा ३० एप्रिलच्या आत.