सादळलेला उन्हाळा

आईला अमेरिकेला बोलावताना आम्ही दोघा भावांनी एक चूक केली. "मे महिन्यात ये, तेव्हा इकडे उन्हाळा सुरू होतो," असं तिला सांगून बसलो. जळगावच्या बाईला 'मे' आणि 'उन्हाळा' हे दोन शब्द एका दमात ऐकवले की तिसरा शब्द तिच्या डोक्यात आपोआप उमटतो : वाळवण. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या पट्ट्यावर जी बॅग गरगरत आली, तिच्यात साबुदाणा पाच किलो, सोऱ्या एक, वाळवण घालायला जुनी सुती लुगडी दोन आणि स्वेटर शून्य, असा ऐवज निघाला.

"साबुदाणा इथे मिळतो गं," मी म्हणालो.

"मिळत असेल. ऊन पण मिळतं ना?"

मी गाडी सुरू केली.

मी राहतो शहराच्या पश्चिम टोकाला, 'सनसेट' नावाच्या वस्तीत. पॅसिफिक महासागर घरापासून चालत पाच मिनिटांवर. शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत इथे वाळूच्या टेकड्या होत्या आणि शहाणी माणसं इकडे फिरकत नसत. मग कुण्या घरबांधणीवाल्याच्या मनात आलं की जागेला 'सूर्यास्त' असं नाव दिलं तर गिऱ्हाईक येईल. आलं. आम्ही त्याच गिऱ्हाइकांचे वारस. सबंध मे-जूनमध्ये या वस्तीतून सूर्यास्त दिसण्याचे योग बोटांवर मोजण्याइतके. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

पहिल्या सकाळी आई खिडकीशी उभी होती. "अरे, शेजारी काय पेटवलंय? केवढा धूर!"

"धूर नाही, धुकं आहे."

"मे महिन्यात?"

आषाढी एकादशी यंदा फाल्गुनात आहे, असं सांगितल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. मग सरळ पुराव्यालाच हात घातला. माझा फोन उचलला, तापमान बघितलं आणि मटकन खुर्चीत बसली.

"५७! अरे, आमच्याकडे ४५ झालं तर शाळा सकाळच्या करतात!"

फॅरनहाइटचे ५७ म्हणजे आपले १४, हे समजावायला एक कप चहा लागला. त्याच्याने आईची भीती गेली, पण राग आला. ४५ तिला समजत होतं, ५७ही तिने एकवेळ सोसलं असतं. मे महिन्यात १४ म्हणजे शुद्ध फसवणूक होती. त्या दिवशी ती माझं जाकीट घालून आणि वरून गोधडी पांघरून टीव्हीसमोर बसली. चौपदरी गोधडीतून फक्त चष्मा दिसत होता.

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो की, या धुक्याला इथले लोक लाडाने नावानं हाक मारतात. २०१० साली कुणीतरी ट्विटरवर धुक्याच्याच नावे खातं उघडलं, धुकं स्वतः बोलतंय अशा थाटात लिहायला लागलं, आणि तेव्हापासून सगळं शहर त्याला 'कार्ल' म्हणतं.

"कारलं?"

"कार्ल."

"तेच ते. शोभतं."

तेव्हापासून आमच्या घरी रोज सकाळी पडदा सरकवून बातमीपत्र वाचलं जातं : "आलंय कारलं." दुपारी बाराच्या सुमारास ते जरा मागे सरकतं, अंगणात फिकट, ताकासारखं ऊन पडतं, आणि चार वाजता समुद्राकडून वारा सुटला की कारलं परत हजर. आमचं हवामान खातं म्हणजे पूर्वेच्या टेकडीवरचा सुट्रो टॉवर. १९७३पासून उभा असलेला हा दूरदर्शनचा मनोरा जवळजवळ ३०० मीटर उंच आहे. अख्खा दिसला तर कपडे वाळत घालायचे. नुसतीच वरची तीन टोकं धुक्याबाहेर राहिली, म्हणजे बुडत्या गलबताच्या डोलकाठ्यांसारखी दिसायला लागली, तर कपडे आत. दोन्ही दिसेनाशी झाली, टेकडी आणि मनोरा, तर कपडे धुवायचेच नाहीत.

आईने मनोऱ्याला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी बाराच्या ताकाळ उन्हाचा मुहूर्त साधून मागच्या अंगणात लुगडं अंथरलं आणि त्यावर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. चमच्याने एकेक गोल, मोजून ८४. संध्याकाळी उलथवायला गेली तर पापड्या दुपारपेक्षा पातळ. दुसऱ्या दिवशी त्या आणखी फुगल्या होत्या. तिसऱ्या दिवशी एका पापडीवर गोगलगाय बसलेली दिसली. "आयुष्यात पहिल्यांदा," आई म्हणाली, "वाळवण घातलं आणि ते ओलं झालं."

तेव्हा दादाचा फोन आला. दादा राहतो वॉलनट क्रीकला, आमच्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत. आई त्या गावाला 'अक्रोड' म्हणते. "आई, इकडे ये," दादा म्हणाला, "इकडे ३५ आहे. आपले ३५."

तासाभरात आम्ही निघालो. ओकलंडच्या पुढे डोंगराच्या पोटातून काल्डेकॉट नावाचा बोगदा जातो. १९३७ साली त्याच्या पहिल्या दोन नळ्या सुरू झाल्या, आता चार आहेत. बोगद्यात शिरताना आभाळ ओल्या पोतेऱ्यासारखं आणि गाडीचा हीटर चालू. मिनिटभरात पलीकडे निघालो तर डोळे दिपवणारं ऊन, पिवळ्या गवताच्या टेकड्या, आणि मी एका हाताने हीटर बंद करून एसी लावतोय. आईने खिडकीची काच खाली केली. गरम हवेचा झोत आत आला. तिने डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "आलं भुसावळ."

वहिनींच्या अंगणात त्या दिवशी पापड्या टाकल्या आणि संध्याकाळी त्या लुगड्यावरून टपाटप सुटून आल्या. दुसऱ्या दिवशी कुरडयांची तयारी. आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उन्हाळा दिसला. वहिनी मात्र विजेच्या बिलाकडे बघत एसी लावून घरात बसल्या होत्या. "तुमचं बरं आहे भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे देवानेच एसी लावलाय." सनसेटमधल्या माणसाला कुणी असं म्हणालं की काय करावं हे कळत नाही. इकडे आम्ही अकरा महिने मोजे घालून झोपतो.

त्या रात्री दादाने आईला सगळी भानगड समजावली. वायव्येकडून येणारे वारे आमच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतात, त्या जागी खोलातलं गारढोण पाणी वर येतं. मे-जूनमध्ये ते ११-१२ अंश असतं. समुद्रावरून येणारी दमट हवा त्यावर निवते, धुकं होतं. वर महासागरावरच्या उच्च दाबाची उबदार हवा झाकणासारखी बसलेली, म्हणून ते वर उडत नाही. आणि आत, डोंगरांच्या पलीकडे, सेंट्रल व्हॅलीची भली मोठी सपाट जमीन ४० अंशांवर तापलेली. तिथली हवा वर गेली की रिकामी जागा भरायला समुद्रावरची हवा आत ओढली जाते. किनाऱ्याच्या डोंगररांगेत समुद्रसपाटीला मोठं भगदाड म्हणावं असं एकच, गोल्डन गेट. धुकं त्यातून घुसतं. "या धुक्यापायीच म्हणे," दादा म्हणाला, "दोनशेहून जास्त वर्षं गोऱ्यांची जहाजं या किनाऱ्यावरून ये-जा करत होती, पण आतली खाडी कुणाला दिसली नाही. सापडली १७६९ला, ती पण जमिनीवरून चालत आलेल्या स्पॅनिश तुकडीला."

आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चूल पेटली की दारातून गार वारा आत खेचते, तसंच ना? चूल तुझ्याकडे," ती दादाला म्हणाली, मग माझ्याकडे वळली, "आणि दार तुझं. दारात बसणाऱ्याला थंडी वाजणारच."

मी वीस वर्षांत वाचलेल्या हवामानशास्त्राचा इतका चांगला सारांश पाहिला नव्हता. फक्त त्यातून एक नवंच दुखणं निघालं. आपल्या हुडहुडीला दादाची चूल जबाबदार आहे हे एकदा कळल्यावर मी रोज वॉलनट क्रीकचं तापमान बघायला लागलो. तिकडे ३८ दिसलं की रजई काढायची.

आठवड्याने आई विजयी मुद्रेने पापड्या-कुरडयांचे डबे घेऊन सनसेटला परतली. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे होते. तरी झाकण म्हटलं की कुणीतरी ते उघडणार. मी उघडलं, एक कुरडई चाखली आणि पूर्ण लावलं नाही. तीन दिवसांनी आईने पापडी मोडून बघितली. ती मोडली नाही, वाकली.

"सादळल्या," आई म्हणाली.

हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. खुशाल सांगतो, माझ्या शहराच्या उन्हाळ्याला याहून नेमका शब्द नाही. इथला जून सादळलेला असतो. सप्टेंबर उजाडला की तो जरा कुरकुरीत होतो. वर्षातला सगळ्यात उबदार महिना तोच. पण तोवर आईचा व्हिसा संपणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चूल अशी काही पेटली की अक्रोडात ४१ झालं. शनिवारी दुपारी दादा, वहिनी आणि दोन्ही पोरं आमच्या दारात. अर्ध्या चड्ड्या, बिनबाह्यांचे सदरे. वहिनी सोफ्यावर पसरल्या, खिडकी उघडली, "आहाहा" म्हणाल्या. खिडकीतून कारलं आत आलं. दहाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "भाऊजी, एखादी शाल असेल का?"

रात्री घरातलं सगळं पांघरूण वाटून संपलं. दादा माझ्या रेनकोटात झोपला. पोरांसाठी आईने सादळलेल्या पापड्या ओव्हनच्या उबेत ठेवून तळल्या. निम्म्या फुलल्या, निम्म्या नाही. पोरांनी दोन्ही संपवल्या.

नऊ वाजता मावशीचा फोन आला. जळगावला सकाळचे साडेनऊ झाले होते, आणि तिकडच्या उकाड्याचं रडगाणं मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. आई गोधडीत पाय दुमडून बसली होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग, ज्या आवाजात बायका सुनेच्या पगाराचा आकडा सांगतात, त्या आवाजात म्हणाली, "आमच्याकडे नाही बाई तसलं काही. आमच्याकडे रोज कारलं असतं."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"नाही गं," आई म्हणाली, "भाजी नाही. हवा."