बँकेची तारीख

आईने पाहुण्यांना "हा बँकेत आहे" असं सांगितलं की डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये माझा भाव एकदम वधारतो. सॉफ्टवेअरवाल्याला लोक विचारतात, "अमेरिकेला कधी?" बँकवाल्याला विचारतात, "एफडीला किती देताय?" या दोन्ही प्रश्नांशी माझा काडीचा संबंध नाही. एका बँकेचं सॉफ्टवेअर अडलं की ते मार्गी लावायचं, ही माझी नोकरी. बसतो ठाण्यात, वागळे इस्टेटला. तरी शेजारचे काका दर महिन्याला पासबुक हातात ठेवतात, "जाता जाता छापून आण रे."

बँकेचा दिवस मध्यरात्री संपत नाही, ही गोष्ट काकांना ठाऊक नाही. तो 'डे-एंड' झाल्यावर संपतो. सगळ्या शाखांनी कॅश जुळवून दिवस बंद करायचा, मग बॅच सुरू होणार, ती खात्यामागून खातं घेत व्याज मोजत जाणार आणि सगळं सुखरूप पार पडलं तरच तारीख पुढे सरकणार. त्यामुळे घड्याळात मंगळवारची पहाट झालेली असते आणि माझ्या स्क्रीनवर सोमवार ठाण मांडून बसलेला असतो. आईला हे समजावताना मी अर्ध्यातच होतो, तोवर ती म्हणाली, "तिथीसारखंच की! आपल्याकडे कुठे बाराच्या ठोक्याला बदलते?" आमच्या ट्रेनिंगमध्ये या मुद्द्यावर एक अख्खी दुपार गेली होती.

व्याजाच्या बाबतीत मात्र ती माझं ऐकत नाही. पूर्वी बचत खात्यात दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर व्याज मिळायचं. 1 एप्रिल 2010 पासून ते रोजच्या शिलकीवर मोजतात. ते मोजणारा प्रोग्राम तिचाच मुलगा सांभाळतो. तरी ती दहाच्या आत भरणा करायला धावते. "असू दे, आपलं दहाच्या आत भरलेलं बरं."

एखाद्या शाखेतला कॅशियर लोकल गाठायच्या घाईत दिवस बंद न करताच सटकला की सगळ्या बँकेचा सोमवार अडकून पडतो. मग ब्रिज कॉल. त्यावर काम करणारे दोघे आणि "एनी अपडेट?" विचारणारे बाकी सगळे. एक साहेब तर तेवढं विचारण्यापुरतेच म्यूट काढतात. 31 मार्चच्या रात्री साहेबांचीही संख्या वाढते. दुसऱ्या दिवशी बँक ग्राहकांसाठी बंद, म्हणून काका जिन्यात गाठून म्हणतात, "मज्जा आहे बुवा तुमची, आज सुट्टी!"

पूर्वी एनईएफटी संध्याकाळी थांबायची, रविवारी तर पूर्ण विश्रांती. तेवढ्यात आम्ही पॅच टाकून घ्यायचो. 16 डिसेंबर 2019 पासून ती चोवीस तास चालू झाली, वर्षभराने आरटीजीएसही. लोकांची सोय झाली, नाही कसं म्हणू? मीही रात्री दोनला मित्राची उधारी फेडतो. पण आता सिस्टीम घटकाभर बंद ठेवायची म्हटलं तरी इतक्या जणांच्या मंजुऱ्या लागतात की त्यापेक्षा लग्न जमवणं सोपं.

माझा स्वतःचा डाउनटाइम होता पारसिकच्या बोगद्यात. डोंबिवलीहून फास्ट पकडली की वाटेत सव्वा किलोमीटरहून लांब अंधार, नेटवर्क गुल आणि साहेब अर्ध्या वाक्यात. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, फास्ट लोकल मुंब्र्यावरून धावू लागल्या आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसच्या वाट्याला गेला. आता एका हाताने कडी, दुसऱ्या हाताने फोन, पाठीवर कुणाची तरी सॅक आणि कानात साहेब.

"आवाज मस्त क्लिअर येतोय तुझा. ट्रेनमध्ये आहेस ना? म्हणजे मोकळाच आहेस. लॅपटॉप काढ जरा."