अर्जदार एक, सह्या साऱ्या घराच्या

विद्यार्थी व्हिसा म्हणजे परदेशात शिकायला जाण्याचा परवाना. तो पासपोर्टाच्या एका पानावर चिकटवलेला असतो आणि त्यावर फोटो एकाच माणसाचा असतो. अर्ज मात्र अख्ख्या घराचा असतो. वडिलांची तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, आईच्या कपाटातली एफडीची पावती, मामाची जामीनकी आणि आजीने चिंचवडच्या मोरया गोसावीला बोललेला नवस, एवढे जमले की अर्ज तयार होतो. यातली शेवटची बाब तेवढी जर्मन वकिलातीच्या यादीत नसते.

पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीतल्या घरात जर्मनीचे नाव निघणे साहजिक आहे. चाकणला 2009 पासून फोक्सवॅगन आहे, मर्सिडीझ-बेंझही आहे. त्यामुळे ‘जर्मन’ हा शब्द कित्येक घरांत सेकंड शिफ्टच्या डब्याबरोबर आत आलेला असतो. दुसरे कारण जास्त वजनदार आहे: तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. मोठा अपवाद बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचा. तिथे 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सहामाहीला 1,500 युरो मोजावे लागतात. मर्सिडीझचे माहेर असलेले स्टुटगार्ट नेमके याच राज्यात येते. वडिलांनी पंधरा वर्षे तिच्या गाड्यांचे बोल्ट आवळले असले, तरी त्याची सवलत नाही.

पहिली अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेली दोन नावे एकत्र. जर्मन फॉर्म फक्त दोनच गोष्टी ओळखतो, नाव आणि आडनाव. परिणामी वडिलांचे नाव मुलाच्या नावाला कायमचे चिकटते आणि पुढे म्युनिकची विमा कंपनी ‘प्रिय श्री.’ म्हणून जे पत्र पाठवते, त्यात बापलेक दोघेही असतात. आधारवर ‘राव’ असेल आणि पासपोर्टवर नसेल, तर प्रतिज्ञापत्र करावे लागते. जन्मभर कोणी राव न म्हटलेल्या माणसाला नोटरीसमोर उभे राहून ‘राव मीच’ असे शपथेवर सांगावे लागते.

मग फोटो. आकार 35 बाय 45 मिलिमीटर, चेहरा मोठा, पार्श्वभूमी फिकी, हसू वर्ज्य. स्टुडिओवाला सवयीने ‘स्माइल’ म्हणतो, मुलगा सवयीने हसतो आणि आठ प्रती वाया जातात.

1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. पदवी खरी आहे ना, हे दिल्लीतले एपीएसचे कार्यालय तपासते. शुल्क 18,000 रुपये. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत घरात ज्या प्रश्नाची वाच्यता कोणी केली नव्हती, तो असा पावती फाडून विचारला जातो.

भाषेच्या बाबतीत मराठी माणूस सुदैवी आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, देर, दी, दास. दोन लिंगांवर भागवणाऱ्या हिंदी भाषकाला तिसरे कुठे ठेवावे ते कळत नाही. मराठी मुलाकडे तो, ती, ते जन्मजात तयार असतात. जर्मनमध्ये ‘मुलगी’ नपुंसकलिंगी आहे, हे ऐकून वर्गात हशा पिकतो. पण ज्या आजीने नातीला कायम ‘आमचं लेकरू’च म्हटले, तिला त्यात काही नवल वाटत नाही.

खरा मुद्दा पैशाचा. वर्षभर राहण्याखाण्याचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे. पैसे आपले, खाते आपले, पण हातात महिन्याला 992 युरोच. पहिल्या तारखेचा पगार आईच्या हातात देऊन बसभाडे मागून घेणाऱ्या घरांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

एवढी रक्कम बहुधा कर्जातून येते. सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. इथे घर पुढे करावे लागते आणि रहाटणी-काळेवाडी पट्ट्यातली कित्येक घरे गुंठेवारीची आहेत. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. त्यावर तीन मजले, खाली दुकान, वर भाडेकरू. सातबाऱ्यावर सामाईकात डझनभर नावे, त्यांतले दोघे वारलेले आणि एकजण बोलत नाही. बँकेच्या पॅनेलवरचा वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट चाळतो, त्याच घरात चहा घेतो आणि टायटल क्लिअर नाही म्हणून उठतो. घराला वीजबिल येते, घरपट्टी येते, गणपतीची वर्गणी मागणारेही बरोबर तिसऱ्या मजल्यापर्यंत येतात. बँकेला मात्र ते दिसत नाही. मग मामाचा फ्लॅट. त्याच्याकडे इंडेक्स टू असतो, भोगवटापत्र असते आणि मामी असते. मामी हा टप्पा कोणत्याही माहितीपुस्तिकेत दिलेला नसतो, पण सगळ्यात जास्त वेळ तोच खातो.

घरची मंजुरी तिकडच्या मंजुरीपेक्षा अवघड, ही गोष्ट जुनीच आहे. इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या आणि 1930 मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांच्या जाण्याला सासऱ्यांचा विरोध होता, आणि सासरे होते स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले धोंडो केशव कर्वे. मामीवर रागवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

घरची मंजुरी मिळाली की उरते हेतुपत्र, म्हणजे तिकडे का शिकायचे ते सांगणारे पत्र. त्यात लहानपणापासून गाड्यांची आवड होती असे लिहायची रीत आहे. रहाटणीजवळच्या कोकणे चौकात संध्याकाळी सात वाजता अडकलेल्या मुलाने गाड्या जवळून आणि बराच वेळ पाहिलेल्या असतात, तेव्हा ते खोटे म्हणता येत नाही.

कागद जमले की अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे आणि 75 युरो शुल्क. पुढे वाट पाहणे. पूर्वी नकार आला तर फेरविचाराची विनंती करता येई; 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता पुन्हा नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचे. ज्याला बर्लिनलाच जाता येत नाही, त्याला हा सल्ला जरा झोंबतो.

पासपोर्ट कुरिअरने परत येतो. पाकिटावर निकाल लिहिलेला नसतो. खालचा दुकानदार ते हातात देतो, वडील कात्री मागतात, आई हात पुसत बाहेर येते आणि तोवर मुलाने ते दातांनी फाडलेले असते. हिरवट स्टिकर, वर ‘डी’ हे अक्षर, तोच न हसणारा फोटो. मामीचा फोन सगळ्यात आधी येतो. फ्लॅट तिचा आहे.

एक बारीक ओळ मात्र पेढे वाटण्याच्या गडबडीत वाचायची राहते. हा व्हिसा साधारण तीन ते सहा महिन्यांचाच असतो. तिथे पोचल्यावर परकीय नागरिकांच्या कार्यालयात राहण्याच्या परवान्यासाठी पुन्हा अर्ज करायचा असतो आणि पुन्हा बरेचसे तेच कागद लागतात. तेव्हा निघताना बॅगेतली लोणच्याची एक बरणी कमी करावी आणि साऱ्या कागदांचा एक झेरॉक्स संच हातातल्या पिशवीत ठेवावा.